शिडाची होडी घ्यायची आहे, पण इंजिन धूर ओकते

वाचकाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्या आणि त्यांचे पती क्लबच्या लहान होड्यांवर शिडाचे तंत्र शिकले आणि आता स्वतःची होडी घेण्याच्या विचारात आहेत. हॅम्बल नदीवरच्या एका मरीनातील 1986 सालची, 29 फुटी होडी त्यांच्या मनात भरली आहे. मालक साडेनऊ हजार पौंड मागतात. होडीत यानमारचे 2जीएम20 हे दोन सिलिंडरचे मूळचेच डिझेल इंजिन असून ते थेट समुद्राच्या पाण्याने थंड होते. पहिल्या भेटीत, मार्चमधल्या एका गार सकाळी, पुष्कळ वेळा सेल्फ मारल्यावर ते सुरू झाले आणि बराच वेळ पांढरा धूर येत राहिला. दुसऱ्या भेटीच्या वेळी मालकांनी इंजिन आधीच गरम करून ठेवले होते. त्या दिवशी ते चटकन सुरू झाले. पण होडी धक्क्याला बांधलेली असताना गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण दिला, तेव्हा ते 2600 आरपीएमच्या वर गेले नाही आणि काळा धूर आला. मालकांचे म्हणणे असे, की होडी दोन वर्षे पाण्याबाहेर काढलेली नाही, होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर घाण चढली आहे, बाकी इंजिन जेमतेम 640 तास चालले आहे. हर्णैला ट्रॉलरच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेले वडील फोनवर म्हणाले, '640 तास म्हणजे नवेच की!' पतींच्या मते शिडाच्या होडीला इंजिन आत-बाहेर करण्यापुरतेच लागते, तेव्हा दुसरे गिऱ्हाईक येण्याआधी व्यवहार उरकावा. मैत्रीण म्हणते, धूर ओकणारी होडी घेऊच नये. त्यांनी विचारलेल्या सर्व्हेअरने, म्हणजे होडी तपासून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाने, सांगितले, की इंजिनाची तपासणी सर्व्हेत येत नाही. शेवटी भगिनी विचारतात: धुराच्या रंगावरून इंजिन गेले आहे की नाही, हे सांगाल का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिलेत, इंजिन गार होते की गरम आणि होडी बांधलेली होती की मोकळी हेसुद्धा नोंदवलेत, त्याबद्दल प्रथम तुमचे आभार मानतो, कारण उत्तराचा निम्मा भाग या तपशिलांतच दडलेला आहे. तुमच्या थेट प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. केवळ धुराच्या रंगावरून इंजिन गेले किंवा राहिले असे सांगता येत नाही, आणि कोणी दूर बसून छातीठोकपणे सांगितले तरी त्यावर साडेनऊ हजार पौंड लावू नयेत. धूर इतकेच सांगतो, की सिलिंडरमध्ये गेलेले डिझेल नीट जळलेले नाही, किंवा डिझेलबरोबर ऑइलही जळत आहे. ते तसे का होते, याची कारणे प्रत्येक रंगामागे चार-पाच असतात. त्यांतली काही दोनशे पौंडांत मिटतात आणि काही होडीच्या किमतीइतका खर्च काढतात.

म्हणून प्रश्न थोडा बदलून घेऊ. दोष इंजिनाच्या बाहेर आहे की इंजिनाच्या आत? पंखा, हवेची वाट, धुराची वाट, डिझेलची वाट, बॅटरी आणि वायरिंग ही सगळी बाहेरची माणसे. ती बदलता येतात, साफ करता येतात. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत, व्हॉल्व्ह, हेडचे गॅस्केट आणि समुद्राच्या पाण्याने आतून खाल्लेले ओतीव लोखंड हे आतले दुखणे. त्यासाठी इंजिन खोलावे किंवा उचलावे लागते. होडी घेण्याआधी नेमका बिघाड शोधून काढणे हे तुमचे काम नाही. तो बाहेरचा की आतला, एवढे ठरले तरी किंमत बोलता येते.

हे ठरवण्यासाठी इंजिन दोन परिस्थितींत पाहावे लागते: रात्रभर बंद राहून पूर्ण गार झालेले असताना सुरू होताना, आणि पुरेसे गरम झाल्यावर मोकळ्या पाण्यात पूर्ण भार ओढताना. तुमच्या दोन्ही भेटींत मिळून यांतली पहिलीच परिस्थिती दिसली, आणि तीही अर्धवट. दुसऱ्या भेटीत भार दिला गेला, पण बांधलेल्या होडीवर. होडी पुढे सरकत असते तेव्हा पंख्यासमोरचे पाणीही मागे धावत असते आणि पंख्याला ते कापणे सोपे जाते. होडी जागेवर जखडलेली असली तर त्याच पंख्याला उभे पाणी ढकलावे लागते, इंजिनावर नेहमीपेक्षा जास्त ओझे पडते, आरपीएम खाली राहते आणि निरोगी इंजिनसुद्धा थोडा काळा धूर टाकू शकते. या इंजिनाची कमाल मर्यादा 3600 आरपीएम आहे. मोकळ्या पाण्यात, स्वच्छ तळ आणि योग्य पंखा असताना त्याने त्या आकड्याच्या अगदी जवळ जायला हवे. बांधलेल्या होडीवरचे 2600 हे कमीच आहेत, पण त्यांतले किती इंजिनामुळे, किती घाणीमुळे आणि किती दोरखंडामुळे, हे त्या चाचणीतून कळूच शकत नाही. मालकांचे स्पष्टीकरण म्हणूनच खोटे धरण्याचे कारण नाही, आणि खरे धरण्याचेही नाही. कदाचित त्यांनी स्वतःच हे इंजिन कित्येक वर्षांत पूर्ण ताकदीने चालवलेले नसेल. अशा वयाच्या होड्यांचे कितीतरी मालक 2000-2200 आरपीएमच्या पुढे थ्रॉटल नेतच नाहीत.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळतो, आणि ते पूर्ण आदराने. ट्रॉलरचे इंजिन एकदा सुरू झाले की तासन्‌तास, कधी दिवस-दिवस, जाळ्याचा भार ओढत चालते. ते पुरते तापते, ऑइलमध्ये साठलेला ओलावा उडून जातो, आतला प्रत्येक भाग ऑइलने माखलेला राहतो. असे इंजिन चालण्याने झिजते, म्हणून तिथे तास मोजणे बरोबरच आहे. शिडाच्या होडीचे इंजिन न चालण्याने बिघडते. मरीनातून बाहेर पडायला पंधरा मिनिटे, परत येताना पंधरा मिनिटे, आणि मध्ये तीन-तीन आठवडे शांत. ते कधी धड तापत नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, हवेतला ओलावा सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो, आणि नांगर टाकून नुसती बॅटरी चार्ज करण्यासाठी भाराविना चालवलेल्या इंजिनाच्या सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन रिंगा नीट बसेनाशा होतात. 640 तासांना जवळजवळ चाळीस वर्षांनी भागले तर वर्षाला सोळा-सतरा तास येतात. हा आकडा मला दिलासा देत नाही, उलट काळजी वाटायला लावतो. शिवाय या इंजिनांच्या पॅनेलवर तास मोजणारे यंत्र बहुधा आरपीएमच्या मीटरमध्येच असते. मीटर बदलला की तास पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तेव्हा 'किती तास?' याऐवजी मालकांना असे विचारा: दर हिवाळ्यात इंजिन कसे बंद करून ठेवता, आतले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढता का, जस्ताचे ॲनोड शेवटचे कधी बदलले, एक्झॉस्टचा एल्बो शेवटचा कधी खोलला, आणि याच्या पावत्या आहेत का? ज्याने या गोष्टी केल्या आहेत तो माणूस उत्साहाने सांगू लागतो. ज्याने केलेल्या नाहीत तो पुन्हा तासांवर येतो.

जस्ताच्या ॲनोडचा मुद्दा तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. तुमचे इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होते, म्हणजे खारे पाणी ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यातून खेळते. समुद्राने लोखंडाऐवजी जस्त खावे म्हणून तो तुकडा आत बसवलेला असतो. तो संपला आणि कोणी बदलला नाही, तर समुद्र लोखंडाकडे वळतो. याच कारणाने अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट गोड्या पाण्याच्या इंजिनांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उघडतो, नाहीतर पाण्यातले क्षार आत थर धरतात. इंजिन कमी तापते, म्हणून कमी चांगले जळते, म्हणून काजळी अधिक धरते. एक्झॉस्टचा एल्बो या सगळ्याचा पहिला बळी असतो.

तो एल्बो म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला वळलेला तो जाड नळ, जिथे तापलेल्या धुरात थंड करणारे पाणी मिसळते. टॉर्च घेऊन तिथे जवळून पाहा. त्याच्या सांध्यावर पांढरा मिठाचा खवला दिसतो का, त्याखाली तांबूस गंजाचा ओघळ आहे का, बोटाने दाबल्यावर पापुद्रा निघतो का? आत काजळी आणि मीठ मिळून इतका कठीण थर धरतो, की दोन बोटे जातील एवढ्या नळात कधी कधी पेन्सिल जाईल एवढेच भोक उरते. मग धूर बाहेर पडत नाही, म्हणून ताजी हवा आत येत नाही, आणि भार दिला की आरपीएम अडकून काळा धूर येतो. तुम्ही वर्णन केलेली दुसऱ्या भेटीतली लक्षणे घाणेरड्या पंख्याशी जुळतात, आणि तितकीच या एल्बोशीही जुळतात. नवा एल्बो साधारण दोन-तीनशे पौंडांत येतो. हवेच्या तोंडाशी असलेला स्पंजही पाहायला सांगा. जुना झाला की तो भुगा होऊन इंजिनात ओढला जातो किंवा वाट अडवतो. आणखी एक अगदी साधी तपासणी पुष्कळ जण विसरतात: कॉकपिटमधला थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला असताना इंजिनावरचा लहान दांडा त्याच्या अडसरापर्यंत खरोखर पोहोचतो का? केबल ताणलेली किंवा गंजलेली असली तर इंजिनाला पूर्ण थ्रॉटल मिळतच नाही, आणि आपण उगाच इंजिनाला दोष देत बसतो.

इथे धुराचा एक उपयोग मात्र आहे, तो सांगतो. आरपीएम चढत नाही आणि काळा धूर येतो, याचा अर्थ डिझेल पोहोचते आहे पण हवा कमी पडते किंवा ओझे जास्त आहे. आरपीएम चढत नाही आणि धूर जवळजवळ नाहीच, याचा अर्थ इंजिनच डिझेलविना उपाशी आहे: फिल्टर तुंबला आहे, टाकीचा नळ अडला आहे, किंवा कुठे तरी हवा धरली आहे. मोकळ्या पाण्यातल्या चाचणीत ही एक खूण लक्षात ठेवली तर इंजिनिअरशी बोलताना तुमचे निरीक्षण मोलाचे ठरेल. निळा धूर तुमच्या पत्रात नाही, ही समाधानाची बाब; तो सतत आणि भार वाढेल तसा वाढत आला असता तर मी रिंगांबद्दल काळजी केली असती.

पांढऱ्या धुराला मी काळ्यापेक्षा अधिक गंभीर मानतो, आणि तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट पहिल्या भेटीतली आहे, दुसऱ्या भेटीतली नव्हे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस पटींहून अधिक दाबली जाऊन इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. तुमच्या इंजिनाला ग्लो प्लगही, म्हणजे गार सिलिंडर आधी तापवणाऱ्या विजेच्या कांड्याही, नाहीत, म्हणून गार सकाळी ते थोडे रुसणार, सुरू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर टाकणार, यात वावगे काही नाही. तो धूर बराच वेळ टिकला तर दाब कमी पडतो किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत असा संशय येतो. पण त्याआधी तो खरोखर धूर आहे की वाफ, हे पाहा. वाफ हवेत लगेच विरते आणि तिला वास नसतो. थंडीच्या दिवसांत पाण्यावाटे थंड होणाऱ्या एक्झॉस्टमधून ती येणारच. न जळलेल्या डिझेलचा धूर पाण्यावर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, आणि त्याखालच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग सोडतो. पुढच्या भेटीत एकाने एक्झॉस्टजवळ उभे राहून हेच पाहायचे आहे.

सेल्फ पुष्कळ वेळा मारावा लागला, यामागेही आधी बॅटरीच तपासावी. इंजिन हळू फिरले तर दाबलेली हवा तापायच्या आतच थंड होते, आणि चांगले इंजिनही सुरू होत नाही. एक साधा मल्टिमीटर घेऊन जा आणि सेल्फ मारताना खुद्द स्टार्टरपाशी व्होल्टेज पाहायला सांगा. ते दहाच्या बरेच खाली जात असेल तर दोष बॅटरीचा किंवा वायरिंगचा असू शकतो. या मालिकेतल्या यानमार इंजिनांच्या पॅनेलपासून स्टार्टरपर्यंतच्या लांब वायरी आणि त्यांचे गंजलेले सांधे हे जुने, सर्वांना ठाऊक असलेले दुखणे आहे. दरम्यान, लॉकरमध्ये इथरचा स्प्रे, म्हणजे इंजिन सुरू करण्यासाठी हवेच्या तोंडाशी मारतात तो डबा, दिसतो का, यावरही नजर ठेवा. अर्धा संपलेला डबा दिसला तर गार इंजिन सुरू करणे हा तिथला जुना झगडा आहे असे समजावे.

म्हणून मालकांना किंवा ब्रोकरला लेखी कळवा, की आम्ही सकाळी येऊ, आणि त्याआधी चोवीस तास इंजिन सुरू करू नये. पोहोचल्यावर सर्वांत आधी इंजिनाच्या ठोकळ्यावर हात ठेवा. तो कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, पण चाचणी दुसऱ्या दिवशीवर न्या. गार असेल तर सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून पाहा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेच असते, त्याची धास्ती नको. ते दुधाळ, मलईसारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि पातळी वर चढून ऑइल पातळ झाले असेल व त्याला डिझेलचा वास येत असेल, तर बहुधा डिझेल पंपाचा पडदा फुटला आहे. ऑइल अगदी मधाच्या रंगाचे, कोरे दिसले तर ते नुकतेच बदलले आहे. त्यात काही गैर नाही, पण अशा ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून उपयोग नाही, कारण त्यात अजून काहीच उतरलेले नसते. बरेच तास चाललेले ऑइल असेल तर मात्र तो नमुना जरूर पाठवा. लोखंड, क्रोमियम, तांबे आणि सोडियम यांचे प्रमाण पाहून आतली झीज आणि समुद्राच्या पाण्याचा शिरकाव यांचा अंदाज येतो, आणि त्याचा खर्च फारसा नसतो.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. इंजिन लवकर सुरू झाले नाही तर वारंवार सेल्फ मारू नका. सेल्फच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पंप समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये भरतो, आणि ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. भरत भरत ते पाणी सिलिंडरमध्ये उतरले तर चांगले इंजिनही त्याच क्षणी मोडू शकते. दोन-तीन प्रयत्नांनंतर पाणी आत घेणारा सीकॉक, म्हणजे होडीच्या तळाची तोटी, बंद करावा, आणि इंजिन सुरू होताच, एक क्षणही न दवडता, तो उघडावा. चावी फिरवल्यावर ऑइल-प्रेशरचा दिवा लागतो आणि गजर वाजतो की नाही, सुरू झाल्यावर एक्झॉस्टमधून पाणी ठसक्यांनी पण भरपूर पडते की नाही, हेही तेव्हाच पाहून घ्या.

यानंतरची पायरी म्हणजे होडी क्रेनने उचलून तळ आणि पंखा स्वच्छ करणे आणि मग ती मोकळ्या पाण्यात नेणे. क्रेनचा खर्च काही शे पौंड आहे. तळ पाहण्यासाठी तुमचा सर्व्हेअर तसाही होडी उचलायला सांगणारच, तेव्हा दोन्ही कामे एका दिवसात साधा. मालकांचा घाणीचा दावा खरा असेल तर तो तिथेच सिद्ध होईल, आणि हे त्यांनाही पटेल असे बोलून पाहा. मोकळ्या पाण्यात निदान अर्धा तास तरी इंजिन चालवा, शेवटची दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर. 3300-3400 च्या वर गेले, धूर फिकट झाला आणि तापमान स्थिर राहिले, तर दोष बाहेरचा होता. थर्मोस्टॅटच्या खोक्यावर रोखण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर बाजारात स्वस्तात मिळतो, कारण या होड्यांत बहुतेक वेळा तापमानाचा काटा नसतो, नुसता गजर असतो. कमी वेगाला ठीक आणि पूर्ण वेगाला तापमान चढतच जाते, असे झाले तर थंड करणाऱ्या वाटा क्षारांनी किंवा तोच एल्बो काजळीने अरुंद झालेला असतो. येताना गिअर पुढे-मागे करून पाहा. आरपीएम चटकन चढते पण होडी ओढ घेत नाही, तर क्लच घसरतो आहे.

डिझेलची टाकीही तुम्हाला विसरता येणार नाही. चाळीस वर्षांच्या टाकीच्या तळाशी पाणी साठते, त्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ धरतो. आजच्या डिझेलमधल्या जैवइंधनाच्या अंशामुळे पाणी अधिक सहज धरले जाते. धक्क्याला होडी शांत असताना हा गाळ तळाशी बसलेला असतो. बाहेर लाटेत होडी डोलू लागली की तो उठतो, फिल्टर तुंबतो, आणि इंजिन नेमके हवे असते तेव्हा थांबते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा काचेचा वाडगा पाहा आणि शक्य असेल तर टाकीच्या अगदी तळातून नमुना बरणीत काढायला सांगा.

इंजिनाची तपासणी सर्व्हेत येत नाही, असे सर्व्हेअरने सांगितले ते योग्यच आहे. इंग्लंडमध्ये होडीचा सर्व्हे आणि इंजिनाचा सर्व्हे ही सहसा वेगळी कामे असतात. यासाठी त्या मालिकेची इंजिने खोलून ओळखणारा, ब्रोकरशी संबंध नसलेला मरीन इंजिनिअर अर्ध्या दिवसासाठी घ्या. त्याने दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजावे, ऑइलचे झाकण सैल करून आतून येणाऱ्या झोतांचा जोर पाहावा, आणि मालकांची परवानगी असेल तर एल्बो खोलावा. आतले दुखणे आहे की नाही, याचा निकाल या तीन गोष्टींनीच लागतो. दोन सिलिंडरच्या दाबांत लक्षणीय तफावत असेल किंवा झाकण सैल करताच जोराचे फुत्कार येत असतील, तर पंखा कितीही चकचकीत केला तरी उपयोग नाही.

तुमच्या पतींच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. वारा असेल तर ही होडी इंजिनाविना चालेल. पण हॅम्बलच्या गजबजलेल्या, अरुंद प्रवाहात आणि मरीनाच्या गल्ल्यांत शिडांवर वळणे नवख्यांचे काम नाही. सोलेंटमध्ये, म्हणजे किनारा आणि वाइट बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत, साउदॅम्प्टनकडे जाणारी प्रचंड जहाजे फिरतात. तिथल्या ठरावीक भागात 150 मीटरपेक्षा लांब जहाजापुढे 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर एवढे पाणी लहान होड्यांना निषिद्ध असते, आणि ते क्षेत्र जहाजाबरोबर पुढे सरकत येते. वारा पडला असताना त्यातून बाजूला व्हायला इंजिनच लागते. सोलेंटच्या पश्चिम टोकाला हर्स्टच्या चिंचोळ्या वाटेत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा प्रवाह चार नॉटच्याही (ताशी सागरी मैलांच्याही) वर जातो. तुमची होडी इंजिनावर पाच-सहा नॉट करील, तेही इंजिनाने साथ दिली तर. पतींना हे शांतपणे दाखवा. मैत्रिणीचे म्हणणेही टोकाचे आहे. धूर येणारी प्रत्येक होडी सोडायची ठरवली, तर तुमच्या किमतीतल्या निम्म्या होड्या घाण पंखा आणि तुंबलेला एल्बो एवढ्यासाठी सुटतील.

दुसरे गिऱ्हाईक येईल या भीतीला चांगला उपाय आहे. किंमत ठरवून, साधारण दहा टक्के अनामत देऊन, सर्व्हेच्या अटीवर लेखी करार करा. त्यात गार इंजिनाची चाचणी, इंजिनिअरची तपासणी आणि मोकळ्या पाण्यातली चाचणी या तिन्ही अटी नावानिशी घाला. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा अशा व्यवहारासाठी तयार नमुना आहे, त्यावरून सुरुवात करा. करार झाला की होडी तुमच्यासाठी राखली जाते आणि घाईचे कारण उरत नाही. हे लेखी करणे यासाठीही गरजेचे, की खाजगी माणसाकडून घेतलेल्या होडीला तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचे व्यापाऱ्याविरुद्ध मिळते ते संरक्षण मिळत नाही. विक्रेत्याने खोटी माहिती दिली, तर ती दिल्याचा पुरावा तुमच्याकडे असावा लागतो. म्हणून 'एल्बो बदलला आहे', '640 तासच आहेत' अशी विधाने ईमेलवर मागून घ्या.

मग आकड्यांचे बोला. दोष बाहेरचा निघाला, तर एल्बो, इंजेक्टरची दुरुस्ती, पंपाचा इंपेलर (आतले रबरी चाक), फिल्टर आणि मजुरी असे धरून हजार-दीड हजार पौंड कमी मागणे रास्त होईल. आतला निघाला तर या होडीत इंजिनच नाही, असे समजून किंमत करा. या ताकदीचे नवे इंजिन बसवणावळीसकट सहज दहा हजार पौंडांच्या आसपास जाते. साडेनऊ हजारांच्या होडीला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तळ, शिडे आणि दोरखंड उत्तम असतील आणि पुढची दहा-पंधरा वर्षे हीच होडी ठेवायची असेल, तर तीन-चार हजारांत ती घेऊन नवे इंजिन टाकणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण मग तुम्हाला त्या इंजिनाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास माहीत असेल. दोन-तीन हंगाम शिकून मोठी होडी घ्यायचा विचार असेल, तर तो खर्च परत मिळणार नाही. सगळ्या चाचण्या उत्तम झाल्या, तरी खाऱ्या पाण्यावर चाळीस वर्षे काढलेल्या लोखंडाचे उरलेले आयुष्य कोणी लिहून देणार नाही. तेव्हा एखादा हजार पौंड बाजूला ठेवूनच व्यवहार करा.

मालक गार इंजिन दाखवायला, होडी उचलायला किंवा बाहेर न्यायला तयार नसतील, तर त्यांच्या हेतूंचा काथ्याकूट करू नका. त्यांची अडचण खरीही असेल. पण न पाहिलेल्या इंजिनाची किंमत शून्यच धरायची, हे त्यांना नम्रपणे सांगा आणि त्यानुसार देऊ केलेला आकडा कळवा. तो त्यांना पटला नाही, तर लिमिंग्टन, पोर्ट्समथ आणि चिचेस्टरच्या बाजूलाही चौकशी सुरू करा. या वयाच्या आणि याच इंजिनाच्या होड्या त्या किनाऱ्यावर वर्षभर विक्रीला येत असतात.